शपथ हे औषध नव्हे

गंजाडचं नाव सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक वाक्य बोलतो. वाचणारा असेल तर म्हणतो, "अरे वा, जिव्या सोमा मशेंचं गाव!" बरोबर आहे. वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले मशे आमच्या गंजाडच्या कळंबीपाड्यातले. वाचणारा नसेल तर आधी गावाच्या नावावरून गांजाचा विनोद करतो आणि मग जरा गंभीर होऊन म्हणतो, "पण तिकडची माणसं पितात फार."

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. कारण ते फक्त बाहेरचे लोक बोलत नाहीत. ते आमच्याच गावातले शिक्षक बोलतात, दवाखान्यातले लोक बोलतात, मुंबईला नोकरीला गेलेली आमचीच पोरं बोलतात. बोलून झालं की सगळे मोकळे होतात. पितात फार, त्याला कोण काय करणार?

माझं म्हणणं सरळ आहे. दारूचं व्यसन हा आजार आहे. हे वाक्य तुम्ही शाळेच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, २६ जूनच्या व्यसनविरोधी दिनाच्या बॅनरवर शंभर वेळा वाचलं असेल. आपण ते मान्यही करतो. पण वापरत नाही. आजार म्हटल्यावर जे ओघाने यायला हवं, म्हणजे तपासणी, औषध, डॉक्टर, पथ्य, पुन्हा तपासणी, त्यातलं काहीच आपण करत नाही. आपण शपथ घ्यायला लावतो. कोणाच्या तरी पायावर डोकं ठेवायला लावतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो. डायबेटिसच्या पेशंटला कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून "आजपासून साखर वाढू देणार नाही" असं म्हणायला लावत नाही.

शपथ पाळली, म्हणून गेला

माझा मामा दारू प्यायचा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, पावसाळ्यात शेतात, मधल्या काळात चिकूच्या वाडीत मजुरी. शेवटची चारपाच वर्षं सकाळी उठल्या उठल्या त्याचे हात थरथरायचे आणि अर्धा ग्लास पोटात गेला की थांबायचे. घरच्यांना वाटायचं, बघा, सकाळीसकाळी सुद्धा धीर निघत नाही. त्या थरथरण्याला वैद्यकात नाव आहे, त्यावर औषध आहे, हे आमच्यापैकी कोणालाच कोणी सांगितलेलं नव्हतं.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याला सगळं घर गेलं होतं. तिथे मामाने नारळ फोडून शपथ घेतली. आजपासून बंद. सगळ्यांना आनंद झाला. मामीने त्या रात्री गोडाचं केलं.

दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला, जेवण जाईना. रात्री एक झटका आला. तिसऱ्या दिवशी त्याला कुडाच्या भिंतीवर साप चालताना दिसायला लागले. तो मामीला ओळखेना. शेजारचे म्हणाले, देवीचं काहीतरी चुकलं असणार. भगत येऊन गेला. मग एका टेम्पोत घालून त्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे पहिला प्रश्न आला, "पितो ना हा?" हो म्हटल्यावर पुढे काही विचारलं गेलं नाही. ग्लुकोजचं सलाईन लावलं, "उतरली की शुद्धीवर येईल" असं सांगितलं. तीन दिवस त्याच्या पोटात दारूचा थेंब नव्हता. उतरायचं काय होतं? चौथ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलला नेताना तो वाटेत गेला. वय एकेचाळीस.

गावात आजही त्याची गोष्ट "पिऊन मेला" अशी सांगतात. तो पिऊन मेला नाही. त्याने शपथ पाळली. ज्या इच्छाशक्तीबद्दल आपण व्यसनी माणसाला उठताबसता भाषण देतो, ती त्याने पुरेपूर दाखवली आणि त्यातच तो गेला.

यात चमत्कार काही नाही. मेंदूत एक्सिलरेटर आणि ब्रेक असे दोन्ही असतात. दारू ब्रेकचा जोर वाढवते आणि एक्सिलरेटरचा जोर कमी करते. वर्षानुवर्षं रोज दारू येत राहिली की मेंदू स्वतःला त्याप्रमाणे बदलतो. दारू ब्रेक लावतेच आहे, तर मग स्वतःचा ब्रेक कमी करून एक्सिलरेटर वाढवून ठेवतो. एवढ्यावर एक दिवस दारू अचानक बंद झाली, तर ब्रेक नसलेली आणि एक्सिलरेटर पूर्ण दाबलेली गाडी उरते. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. साधारण दोन दिवसांच्या आत फिटचा झटका येऊ शकतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, ताप चढतो, हृदयाचे ठोके बेफाम होतात. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. वेळेवर मिळाले तर बहुतेक जण वाचतात.

उपचारही कुठल्या परदेशी मशीनचे नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम, डायझेपाम ही कित्येक दशकं जुनी औषधं डॉक्टरच्या देखरेखीखाली काही दिवस देऊन हळूहळू कमी करायची. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. हे थायमिन फार महत्त्वाचं आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे कुठल्याही आजारावर पहिला उपाय "बाटली लावा" हा असतो. दारूच्या पेशंटला नुसती ग्लुकोजची बाटली लावणं हाच धोका असू शकतो.

मामीने मला नंतर एकदा विचारलं, "थोडी पाजली असती तर वाचला असता का रे?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आमच्या सगळ्या शिकलेल्या लोकांपेक्षा तिला आजार जास्त कळला होता. एखाद्या बाईला स्वतःच्या नवऱ्याबद्दल असा प्रश्न पडतो, याला जबाबदार तिला कधीच काही न सांगणारी व्यवस्था आहे.

"पण पहिला ग्लास तर त्यानेच उचलला ना?"

हा आक्षेप मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकला आहे, गावच्या पारावरही ऐकला आहे. त्याला उत्तर दिलं पाहिजे.

हो, पहिला ग्लास त्याने उचलला. पहिली तंबाखू, पहिला वडापाव, पहिली रात्रभर जागून खेळलेली गेम, हे सगळंही माणूस स्वतःच उचलतो. पुढे हार्ट अटॅक आला की आपण त्याला आयसीयूच्या दारात "वडापाव कोणी खाल्ला?" असं विचारत नाही. आजार कसा सुरू झाला आणि आजार आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय पिणारे सगळेच व्यसनी होत नाहीत. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातले साधारण २.९ कोटी तिच्यावर पूर्ण अवलंबून आहेत. पहिला ग्लास सगळ्या १६ कोटींनी उचलला होता. मग याच २.९ कोटींना का धरलं? त्यात आनुवंशिकता आहे, वय आहे, उपास आणि अंगमेहनत आहे, डोक्यावरचं ओझं आहे, हाताशी दुसरं काही नसणं आहे.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी फक्त एकाला कुठल्याही प्रकारची मदत किंवा उपचार मिळाले होते. ३८ पैकी एक! टीबीचा असा आकडा आला असता तर विधानसभेत गोंधळ झाला असता.

दुसरा आक्षेप असतो, "उपचार करूनही परत पितातच." खरं आहे, पुष्कळदा पितात. २००० साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा या आजारांशी केली. उपचारांनंतर व्यसन उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के निघालं. रक्तदाब आणि दम्याचं ५० ते ७० टक्के. म्हणजे बीपीच्या गोळ्या मध्येच सोडून परत चक्कर येऊन पडणारे आपले काका आणि परत ग्लास उचलणारा माणूस यांच्यात फार फरक नाही. पण काकांना आपण "डोस बदलून घ्या" म्हणतो आणि दुसऱ्याला म्हणतो, "याच्यावर खर्च करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो बायका घेतात, म्हणून तो टाळून चालणार नाही. आजार म्हटलं की मारहाण माफ का? नाही. अजिबात नाही. डायबेटिस असला म्हणून कोणाला बायकोला मारायचा परवाना मिळत नाही, तसाच व्यसनी असल्यामुळेही मिळत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा प्यायलेल्या नवऱ्यालाही लागू आहे. पोलिसांत जाणं आणि दवाखान्यात नेणं ही दोन्ही कामं एकाच घरातून होऊ शकतात. आणि नवऱ्याला सुधारणं हे बायकोचं कर्तव्य नाही. "तिने नीट सांभाळलं असतं तर तो प्यायला नसता" असं म्हणणाऱ्या सासूला, दिराला आणि शेजाऱ्यांना हे तोंडावर सांगायला हवं.

"आदिवासी पितातच" हे वाक्य कोणी लिहिलं?

आता त्या पहिल्या वाक्याकडे येतो. "तिकडची माणसं पितात फार." जणू काही ताडी आमच्या रक्तातच आहे.

ताडी आणि मोहाची दारू वारली जगण्यात आहेत, हे मी नाकारत नाही. पूर्वजांना, देवांना धार सोडतात. लग्नात, तारप्याच्या नाचात दारू असते. पण घरी गाळलेली, सणाची, सगळ्यांसोबत प्यायची दारू ही एक गोष्ट आहे आणि रोज दुकानातून विकत घ्यायची दारू ही दुसरी गोष्ट आहे. पहिलीतून दुसरी कशी झाली, याला तारखा आहेत.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरी दारू गाळणं गुन्हा झालं. दारू सरकारी परवान्याच्या दुकानातूनच घ्यायची, म्हणजे सरकारला कर मिळेल. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. झाड आपल्या अंगणात, फुलं आपल्या अंगणात पडणार, पण ती वेचून साठवली तर गुन्हा. म्हणजे आमच्या माणसांना दारूच्या दुकानाच्या दारात नेऊन उभं केलं ते सरकारी महसुलाने. पुढे उधारी आली, उधारीपाठोपाठ जमीन गेली आणि वेठ आली.

आणि त्यावर याच किनाऱ्याने काय उत्तर दिलं? १९२२ च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून देवीची चळवळ निघाली. अंगात आलेली माणसं देवीची आज्ञा सांगायची. दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. पाड्यापाड्यांतून ही लाट डहाणू, उंबरगाव करत वर्षअखेरपर्यंत सुरत जिल्ह्यात पोहोचली. हजारो आदिवासींनी दारू सोडली. दुकानदार आणि अबकारी खातं हादरलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं. आमच्या शाळेच्या इतिहासात मात्र तिला एक ओळही मिळालेली मी पाहिली नाही.

कोणी म्हणेल, "बघा, सोडली ना त्यांनी! मग इच्छाशक्तीच की." नीट बघा. तिथे एकटा माणूस नारळ फोडून घरी गेला नव्हता. अख्खा पाडा एकदम थांबला होता. दुकानावर बहिष्कार होता. न पिणारा एकटा पडत नव्हता, पिणारा एकटा पडत होता. सोडण्यात मान होता. आणि पुढे बऱ्याच ठिकाणी लाट ओसरली, कारण दुकानं, कर्ज आणि जमीनदार जागेवरच राहिले. माणूस बदलला आणि भोवताल तसाच राहिला तर काय होतं, हे या मातीने शंभर वर्षांपूर्वी बघून ठेवलेलं आहे.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास हेच उलट बाजूने सांगतो. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांना आढळलं की तिथे असताना सुमारे पाचव्या हिश्शाला हेरॉइनसारख्या अमली पदार्थांचं व्यसन लागलं होतं. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले फार थोडे परत व्यसनात सापडले. युद्ध गेलं, मित्रांचा घोळका गेला, सहज मिळणारं हेरॉइन गेलं. पण आमचा वीटभट्टीवरचा माणूस कुठे परतणार? दिवाळीत उचल घेऊन भट्टीवर जातो, पावसाळ्यात त्याच कर्जात, त्याच पाड्यात परत येतो. आमचे खलाशी गुजरातच्या बोटींवर महिनोन् महिने समुद्रात काढून त्याच नाक्यावर उतरतात. त्यांना परतायला दुसरा देश नाही.

१९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत याच भागातल्या वारल्यांनी वेठबिगारी मोडली. तलवाड्याला १० ऑक्टोबर १९४५ च्या गोळीबारात माणसं मेली, तरी मागे हटले नाहीत. एकेकट्या वेठ्याला "मन घट्ट कर" सांगून वेठ संपली नाही. संघटना उभी राहिली, मागण्या ठरल्या, संप झाले. दारूच्या बाबतीत मात्र आपण अजून एकेकट्यालाच गाठून मन घट्ट करायला सांगतोय.

बंदी, बाटली आणि बंद खोली

मग उपाय काय? दारूबंदी? महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. त्याच कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना मिळतो आणि त्या परवान्यावर कारण लिहिलेलं असतं, आरोग्य राखण्यासाठी! राज्य उत्पादन शुल्क खातं दारूतून दरवर्षी हजारो कोटी मिळवतं. यातला किती वाटा दारूने आजारी पडलेल्यांच्या उपचारावर जातो, हा प्रश्न तुमच्या आमदाराला विचारून बघा.

मी बंदीची थट्टा करत नाही. बाटली आडवी करणाऱ्या बायकांबद्दल मला आदरच आहे. गावातलं दुकान बंद झालं तर उद्या प्यायला शिकणारा पोरगा वाचतो. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तो वापरलाच पाहिजे. पण आज जो रोज दोन क्वार्टरवर जगतोय त्याचं काय? दुकानाला टाळं लागलं म्हणून त्याच्या मेंदूला लागत नाही. एक तर तो फिटने पडेल, नाहीतर दमणहून येणारी चोरटी बाटली शोधेल, नाहीतर काय मिसळलंय हे माहीत नसलेली हातभट्टी. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. वाद सगळा महसूल आणि तस्करी यांवर झाला. पिणाऱ्याच्या उपचारांवर वाद झाल्याचं तुम्हाला आठवतं का?

उपचारांची ही रिकामी जागा मग बाजार भरतो. "पेशंटला न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात तुम्ही ट्रेनच्या डब्यात पाहिली असेल. चहात, भाजीत मिसळायची पावडर. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं खरं औषध आहे, पण त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून ते पेशंटला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. कसली पावडर आहे ते न कळता ती चोरून देणं म्हणजे विषप्रयोग आहे. दुसरा प्रकार म्हणजे खोलीत कोंडून मारणारी, पैसे उकळणारी "केंद्रं". घरचे कंटाळून सोडून येतात आणि आत काय चालतं ते विचारत नाहीत.

आणि हे सगळं कायद्याच्या विरोधात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींचा समावेश केला आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, साखळीने बांधायला बंदी केली आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असंही म्हटलं आहे. आता तुमच्या ऑफिसने दिलेली पॉलिसी उघडा. बऱ्याच पॉलिसींमध्ये व्यसनावरचे उपचार वगळल्याचं कलम सापडेल. म्हणजे शुक्रवारी टीमच्या पार्टीत दारू कंपनीच्या खर्चाने, आणि तिने कोणी आजारी पडला तर उपचार त्याच्या खर्चाने! आमच्या क्षेत्रात याला नेटवर्किंग म्हणतात. वीटभट्टीवाला हेच करतो तेव्हा ते "आदिवासी पितात फार" होतं.

काय चालतं, ते आपल्याला माहीत आहे

हे सगळं निराशेने लिहीत नाहीये. चिडून लिहितोय, कारण उत्तरं शोधून झालेली आहेत आणि आपल्याच भाषेत, आपल्या शेजारी आहेत.

अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. ते चालवणाऱ्या डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या. तिथे पेशंटला कोंडून मारत नाहीत. औषधं, समुपदेशन, गटात बोलणं, घरच्यांना सोबत घेणं आणि सुटी झाल्यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा. बरे झालेले लोक नव्यांना हात देतात. पण गंजाडच्या मजुराने पुण्याला महिनाभर राहायचं, तर घरात खाणार काय? केंद्र चांगलं आहे, पण लांब आहे.

तर मग उपचारच गावात न्या. चेन्नईच्या टीटी रंगनाथन फाउंडेशनने तामिळनाडूतल्या मंजक्कुडी गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी शिबिरं घेतली. गावकरी जागा आणि जेवण देणार, डॉक्टर-समुपदेशक येणार, पेशंट पंधरा दिवस राहणार, बायकांशी वेगळं बोलणं होणार, नंतर ठरलेल्या दिवशी पाठपुरावा. सप्ताहाला मंडप घालणाऱ्या, यात्रेला पंक्ती उठवणाऱ्या गावांना यातलं काय अवघड आहे?

आणि अजून लवकर, व्यसन जडायच्या आधी? गोव्यात 'संगत' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार वेळा बोलायचं. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी अशा बोलण्याचा फायदा मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुषांचं पिणं घातक पातळीच्या खाली आलं, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६ टक्क्यांचं. वर्षभरानंतर हा फरक टिकलाच नाही, तर वाढला. साध्या माणसांनी, साध्या केंद्रात, साध्या बोलण्याने. आपल्या आशाताई हे करू शकत नाहीत? करू शकतात. पण त्यांच्यावर आधीच पन्नास रजिस्टरं लादली आहेत. त्यामुळे हे काम द्यायचं तर प्रशिक्षण आणि मानधनासकट द्यायचं.

भगतालाही शत्रू समजू नका. आमच्याकडे माणूस आधी त्याच्याकडेच जातो. दारू सोडून दोन दिवस झालेल्या माणसाला भास होत असतील तर त्याला ताबडतोब दवाखान्यात पाठवायचं, एवढी एक गोष्ट त्याला शिकवली तरी जीव वाचतील.

तुम्ही काय करायचं

घरात रोज, सकाळपासून पिणारं कोणी असेल तर त्याला अचानक बंद करायला लावू नका. आधी डॉक्टरला दाखवा आणि रोज किती पितो, शेवटची कधी प्यायला, पूर्वी फिट आली होती का, हे तीन प्रश्न कोणी विचारले नाहीत तरी स्वतःहून सांगा. थायमिन दिलं का, ते विचारा. हात थरथरणं, घाम, भास, झटका दिसला तर थांबू नका. फोनमध्ये दोन नंबर सेव्ह करा. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. सुटला आणि परत घसरला तर "माहीतच होतं" हे दोन शब्द गिळा. त्याऐवजी पुढची तारीख विचारा, पुन्हा दवाखान्यात कधी जायचं त्याची. आणि स्वतः थकला असाल तर अल-अॅनॉनसारखे घरच्यांचे गट शोधा. काळजी घेणारा मोडला तर घरात दोन पेशंट होतात.

दुसरं काम तुमच्या-माझ्या पिढीचं आहे. आपल्याला अर्ज लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो. वर्षातून ठरलेल्या ग्रामसभा होतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला आपण सुटीसाठी गावात असतोही. तिथे रस्ता आणि नळाबरोबर हा विषय मांडा. आमच्या आरोग्य केंद्रात दारू सोडवण्याची औषधं आहेत का? थायमिनची इंजेक्शनं आहेत का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आमच्याकडे महिन्यातून कुठल्या वारी येतात? पुढचं व्यसनमुक्ती शिबिर आपल्या गावात का नको? उत्तर लेखी मागा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

"तिकडची माणसं पितात फार" असं कोणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. एवढंच विचारा, "आणि त्यांच्यावर उपचार कुठे होतात?" त्याला उत्तर येणार नाही. ते उत्तर ज्यांनी द्यायला हवं, त्यांच्या टेबलावर आपला अर्ज पोहोचलेला असू दे.